केस कम्प्युटर काढत नाही

"कम्प्युटरनंच केलंय की सगळं. त्याला एवढे पैसे कशाचे?"

येरमाळ्यात बसून फोटोवरून डिजिटल चित्रं करून देणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. बोलणारा माणूस वाईट नसतो. बहुतेक वेळा तो वर्षश्राद्धासाठी आईचं नाहीतर वडिलांचं चित्र न्यायला आलेला असतो. चित्र हातात घेतो, त्याचे डोळे भरून येतात, "अगदी समोर बसल्यावाणी वाटतंय" म्हणतो आणि पैसे द्यायची वेळ आली की त्याला कम्प्युटर आठवतो. चेहऱ्यावरून तो घासाघीस करत नाही, डोळ्यांवरून करत नाही. बोट ठेवतो ते नेमकं केसांवर. "हे तर ब्रशनं आपोआप येतंय ना? आमच्या पुतण्याच्या मोबाईलात हाय तसला ब्रश."

फक्त गिऱ्हाईक असं म्हणालं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण चित्रकलेचे शिक्षक हेच म्हणतात, लग्नाचे फोटो काढणारे हेच म्हणतात, आणि माझ्याकडे शिकायला येणारी पोरंही हेच डोक्यात घेऊन येतात. त्यांचं म्हणणं त्यांच्या बाजूनं जसंच्या तसं मांडतो. डिजिटल चित्रातले केस म्हणजे तयार ब्रशचा खेळ. एक फटका मारला की शंभर केस उमटतात. चुकलं तर मागं जाता येतं, म्हणजे जोखीम नाही आणि जोखीम नाही तिथे कला नाही. खरा चित्रकार तो, जो कागदावर काढतो. आता तर एआय आलंय, फोटो टाकला की डोकंभर केस तयार. आणि शेवटी केस ती काय मोठी गोष्ट? चेहरा जमला की चित्र जमलं.

हे सगळं मुळापासून चूक आहे.

आधी ब्रशचं बघू. केसांचे ब्रश मिळतात, हे मान्य. विकत मिळतात, फुकट मिळतात. क्रिता हे अख्खं सॉफ्टवेअर फुकट आहे, आयबिस पेंट साध्या मोबाईलवर चालतं. म्हणजे हा ब्रश आज ज्याला हवा त्याच्याजवळ आहे. मग ज्याच्याजवळ आहे त्या प्रत्येकाला केस का काढता येत नाहीत? माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक पोरानं पहिल्या दिवशी त्या ब्रशनं केस काढून दाखवलेत आणि जवळजवळ प्रत्येकाचे केस काथ्यासारखे झालेत. ब्रशचा फटका सारख्या जाडीच्या, सारख्या अंतरावरच्या रेघा सोडतो. पोरगं त्या रेघा कपाळापासून मानेपर्यंत ओढत नेतं. डोक्याला गोलाई असते, केसांना मूळ असतं, वळण असतं, स्वतःचा भार असतो. यातलं काहीही त्या ब्रशला माहीत नाही. ते काढणाऱ्यालाच माहीत असावं लागतं.

काही पोरं मग दुसऱ्या टोकाला जातात. चित्र चारशे टक्के मोठं करून एकेक केस काढत बसतात. चार-चार रात्री घालवतात. चित्र परत लहान करून बघितलं की डोक्यावर नुसती राखाडी खसखस दिसते, आणि पोरगं रडकुंडीला येतं. त्यांना मी एक हिशेब करायला लावतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी १२ बाय १८ इंचांच्या प्रिंटला. ३०० डीपीआयला तिची रुंदी ३६०० पिक्सेल होते. डोक्यानं निम्मी रुंदी घेतली तर १८०० पिक्सेल. माणसाचं डोकं या कानापासून त्या कानापर्यंत साधारण १५ सेंटिमीटर धरा. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला डोक्यावरची सुमारे ०.०८ मिलिमीटर जागा आली. केसाची जाडी असते साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. म्हणजे एक केस जेमतेम एका पिक्सेलएवढा, आणि डोक्यावर केस असतात सुमारे एक लाख. ते एकेक करून कोण काढणार? आणि काढले तरी छापल्यावर दिसणार कुठे?

मग आम्ही काढतो काय? आधी कवटी काढतो. तिच्यावर केसांचा एकसंध काळा भार बसवतो, त्या वेळी एकही रेघ ओढत नाही. मग तो भार मोठ्या बटांमध्ये वाटतो: कुठून निघाली, कशावरून गेली, कुणाखाली दबली. मग उजेड. डोक्याच्या गोलाईवर उजेडाचा पट्टा आडवा बसतो, केसांच्या दिशेला काटकोनात, आणि प्रत्येक बटेवर तो थोडा वर किंवा थोडा खाली तुटतो. तो पट्टा सरळ काढला की डोकं पत्र्याचं होतं. कपाळाच्या कडेला केस एकदम सुरू होत नाहीत, तिथे कातडी आतून दिसत राहते. ती कड कात्रीनं कापल्यासारखी ठेवली की टोप घातल्यासारखं वाटतं. आणि हे सगळं जमल्यावर, अगदी शेवटी, सुटे दहा-वीस केस. कानाजवळचे, मानेवरचे, भांगातून उठलेले. बघणाऱ्याचा डोळा त्या दहा-वीस केसांवरून बाकीचे लाखभर ओळखून घेतो. ते दहा-वीस कुठे काढायचे, हे कुठल्या ब्रशच्या पाकिटावर लिहिलेलं असतं?

त्यातही आपले केस काळे. हा मुद्दा शिकवणारे फार कमी लोक बोलतात, म्हणून मी इथे थोडा थांबतो. केसाच्या अंगावर बारीक खवले असतात, कौलं एकावर एक चढवावीत तसे. उजेडाचा काही भाग या खवल्यांवरून परततो, तो उजेडाचाच रंग घेऊन येतो. काही भाग केसाच्या आत शिरतो, मागच्या भिंतीवर आपटून बाहेर पडतो, तो केसाचा रंग घेऊन येतो. सोनेरी किंवा तपकिरी केसांत ही दुसरी झाक भरपूर असते, म्हणून ते आतून पेटल्यासारखे दिसतात. काळ्या केसांत मेलॅनिन एवढं असतं की आत शिरलेला उजेड बहुतेक तिथेच संपतो. उरते फक्त वरची चमक. म्हणून अंगणात बसलेल्या बाईच्या काळ्या केसांवर आभाळाची निळसर झाक येते आणि चुलीपुढे बसलेल्या त्याच बाईच्या केसांवर तांबूस. खोबरेल तेल लावलं की केस एकमेकांना चिकटून जाड बटा होतात, चमक अरुंद आणि धारदार होते. न्हाऊन सुकवलेल्या केसांवर तीच चमक पसरट आणि मऊ होते. इंटरनेटवरचे बहुतेक धडे सोनेरी-तपकिरी केस समोर ठेवून शिकवतात. ते बघून आमची पोरं आपल्या आईच्या केसांत तपकिरी रेघा भरतात आणि आई कळकट दिसायला लागते. काळे केस नुसत्या काळ्या रंगानं काढायला गेलं तर डोक्यावर खड्डा पडतो. कुठला काळा निळ्याकडे झुकलेला, कुठला जांभळ्याकडे, कुठे पांढरा ठेवायचा आणि किती अरुंद, हे बघूनच शिकावं लागतं.

केसांवरच्या उजेडाचं हे वागणं २००३ साली स्टीव्ह मार्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणितात मांडलं, आणि पुढच्या ॲनिमेशनपटांनी त्याचा आधार घेतला. 'ब्रेव्ह' हा पिक्सारचा चित्रपट २०१२ साली आला. त्यातल्या मेरिडाच्या कुरळ्या लाल केसांसाठी त्यांना नवा सिम्युलेटर लिहावा लागला, कारण आधीच्यानं ते केस हलेनात. एवढे ताकदीचे कम्प्युटर ज्यांच्या दारी, त्यांनाही एका पोरीच्या केसांसाठी एवढं झटावं लागलं. मग येरमाळ्यातल्या माझ्या जुन्या कम्प्युटरनं केस आपोआप कसे काढले?

चुकलं तर मागं जाता येतं, हा आक्षेप एका वाक्यात संपतो. मागं जाता येतं ते चूक दिसली तर, आणि चूक डोळ्याला दिसावी लागते.

आता कागदाचा मोठेपणा. मी कागदावरच शिकलो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा मी शिसपेन्सिल आणि पोस्टर कलर घेऊनच दिल्या आणि त्या कागदाचं ऋण मी कधी नाकारणार नाही. पण एका चित्रकला शिक्षकांनी भर वर्गात माझ्या एका विद्यार्थिनीला सांगितलं की, "हे तू काढलेलं नाहीस, हे मशीननं काढलंय." ती पोरगी महिनाभर स्क्रीनला हात लावत नव्हती. तिनं पाठमोऱ्या बहिणीची तेल लावलेली वेणी काढली होती. तीन पेडांतलं प्रत्येक पेड दुसऱ्याखाली जाताना कुठे काळं पडतं आणि वर येताना कुठे उजळतं, हे तिनं समोर बहिणीला बसवून सहा दिवस बघितलं होतं. त्या शिक्षकांना मी विचारतो: तिनं बघितलं, ते कुठल्या मशीननं बघितलं?

आणि यंत्र हातात घेतलं म्हणून चित्रकार बाटत असेल, तर आपल्या देवघरांतल्या तसबिरी आधी काढून ठेवा. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. त्यांची लक्ष्मी, त्यांची सरस्वती महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली ती छापलेल्या रूपात. लक्ष्मीचे ते मोकळे काळेभोर केस दगडावरून कागदावर उतरलेले आहेत. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक छाप, तेव्हा कुठे पूर्ण चित्र. आज आम्ही लेयर म्हणतो, त्याच जातीचं ते काम. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर चित्रकार होते, आणि सिनेमा काढायचा म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला. त्यांना कुणी चित्रकार म्हणायचं थांबलं नाही. रघुवीर मुळगावकरांनी रंगाच्या फवाऱ्यानं देवादिकांच्या कांतीवर जी मऊ झळाळी आणली, ती कॅलेंडरं लोकांनी पूजेला लावली. दगड चालला, कॅमेरा चालला, फवारा चालला. मग स्क्रीनवर टेकवलेलं पेन तेवढं अस्पृश्य का?

एआयवाल्यांचं म्हणणं सगळ्यात नवीन आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान तेच करतंय. त्यावर वाद घालण्याऐवजी एक घडलेली गोष्ट सांगतो.

मागं एक गृहस्थ आले. आई वारून वर्ष होत आलं होतं. फोटो एकच, ओळखपत्रावरचा, नखाएवढा. घरातल्या कुणीतरी तो मोबाईलवरच्या ॲपमध्ये टाकून मोठा केला होता. चित्र लखलखीत झालं होतं. कातडी गुळगुळीत, डोक्यावर दाट, चमकदार, मऊ पांढरे केस, एक केस इकडचा तिकडे नाही. ते त्यांनी चौकटीत बसवून भिंतीवर लावलं, आणि दुसऱ्या दिवशी काढून ठेवलं. मला म्हणाले, "ही आमची आय न्हाई ओ."

मी त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि आईचे केस कसे होते ते विचारलं. आधी त्यांना काही सांगता येईना. मग हळूहळू आठवत गेलं. भांग रुंद झालेला होता. उभा जन्म डोक्यावर चुंबळ ठेवून घागरी वाहिल्या, कडब्याच्या पेंढ्या वाहिल्या, सरपण वाहिलं, त्यानं मधले केस गेलेले. बाकीचे पातळ, राठ, पिवळट पांढरे. मागं सुपारीएवढा अंबाडा, त्यात एकच आकडा. आणि डाव्या कानामागची एक बट कायम सुटलेली, काम करता करता ती पदराच्या टोकानं मागं सारायची. हे सांगताना त्या गृहस्थांचा हात आपसूक स्वतःच्या डाव्या कानामागं गेला.

ॲपला यातलं काय ठाऊक होतं? त्याला म्हातारी बाई ठाऊक होती, ही बाई ठाऊक नव्हती. रुंद भांग त्याला दोष वाटला म्हणून त्यानं तो बुजवला, आणि त्यासोबत चाळीस-पन्नास वर्षांच्या घागरी पुसून टाकल्या. सुटलेली बट त्याला फोटोतला कचरा वाटली असेल. लोक म्हणतात एआय शिकेल, सुधारेल. सुधारू द्या. पण ओळखपत्राच्या फोटोत जी बट नाही, ती त्याला सांगणार कोण? ती त्या मुलाच्या हातात होती, आणि ती तिथून काढून घ्यायला समोर माणूसच बसावा लागला.

आता राहिलं ते शेवटचं म्हणणं, की केस म्हणजे किरकोळ गोष्ट. हे येरमाळ्यात राहून कुणी म्हणावं, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. चैत्री पौर्णिमेला इथे येडेश्वरी देवीची यात्रा भरते, दुसऱ्या दिवशी पालखी निघते, आणि लाखो माणसं रानात चुन्याचे खडे वेचतात. "आई राजा उदो उदो"च्या गजरात त्या गर्दीत जेवढ्या तऱ्हेचे केस एका नजरेत दिसतात, तेवढे मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाहीत. हळदीकुंकवानं माखलेले, मळवटाखाली दबलेले, आराध्यांचे पाठीवर मोकळे सोडलेले, पोतराजाचे वाढवलेले, पहिल्यांदा देवीला आणलेल्या लेकराचं जावळ. उन्हं डोक्यावर असतात म्हणून वरची चमक माथ्यावर गोळा होते, आणि खाली पांढरट रान असतं म्हणून वेणीच्या खालच्या बाजूला उजेड उलटा चढतो. हे मी पुस्तकात वाचलं नाही, तिथे उन्हात बसून बघितलं. कोण शेतकरणीची पोर, कोण शाळेतली, कोण नवी नवरी, कुणाचं घर सुतकातून नुकतं बाहेर पडलंय, हे त्या गर्दीत मी चेहऱ्याआधी केसांवरून सांगू शकतो. बाईचा भांग भरलेला आहे की रिकामा, यावर आपल्या समाजानं पिढ्यान्‌पिढ्या तिचं जगणं ठरवलं. आणि आपण म्हणतो, केसांत काय आहे?

याच यात्रेत मी एकदा एका म्हाताऱ्या आराधीणीला विचारून तिचं रेखाटन टॅब्लेटवर केलं. तिच्या डोक्यावर जट होती, पाठीवरून खाली कंबरेपर्यंत. माझ्याकडच्या एका ब्रशला जटेसारख्या बटा येतात. मी तो वापरला, आणि तिच्या डोक्यावर परदेशी गायकाची ऐटदार केशरचना उभी राहिली. मी ते खोडलं आणि बघत बसलो. जट चमकत नाही. केस एकमेकांत इतके गुरफटलेले, धूळ, तेल आणि हळद इतकी आत बसलेली, की उजेड तिथे विखरून मरतो. तिचा रंग वाळलेल्या मातीसारखा. आणि तिला वजन असतं. त्या वजनानं बाईची मान किंचित मागं ओढली गेली होती, हनुवटी वर आली होती, मानेच्या शिरा ताणलेल्या होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "झोपताना लई दुखतंय बाबा." जट ही देवीची खूण नसून न विंचरलेल्या केसांचा गुंता आहे, हे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन सांगतात आणि बायकांना त्या ओझ्यातून सोडवतात. त्यांचं बरोबर आहे. पण ज्यानं त्या मानेवरचा ताण कधी काढून बघितला नाही, त्याला ती जट नुसती शोभा वाटत राहील. तो ताण काढायला मला केसांचा ब्रश लागला नाही. साधा गोल ब्रश लागला आणि तिच्यासमोर दोन तास बसावं लागलं.

म्हणून शिकणाऱ्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे: केसांचा ब्रश शोधत फिरू नका. घरात आई वेणी घालत असेल तेव्हा समोर बसा. आजी उन्हात केस वाळवते तेव्हा बघा. न्हाव्याच्या दुकानात नंबर लागेपर्यंत मोबाईल खिशात ठेवा आणि समोरच्याच्या माथ्यावरचा भोवरा कुठून कुठे फिरतो ते बघा. आणि चित्रकलेच्या शिक्षकांना हात जोडून विनंती आहे की, पोरगं स्क्रीनवर काही काढून घेऊन आलं तर ते कशानं काढलं हे विचारण्याआधी कुणाला बघून काढलं, एवढं विचारा.

ओळखपत्रावरच्या फोटोतल्या त्या आईचं चित्र पुरं करायला मला नऊ दिवस लागले. चेहरा तिसऱ्या दिवशी झाला होता. उरलेले सहा दिवस तो रुंद भांग, सुपारीएवढा अंबाडा आणि डाव्या कानामागची बट यांना गेले. चित्र बघून त्या गृहस्थांच्या थोरल्या बहिणीनं काचेवरून त्या बटेवर बोट फिरवलं, ती मागं सारल्यासारखं. मी पैसे घेतले ते नऊ दिवसांचे घेतले, कम्प्युटरचे नाहीत. पुढंही तसेच घेईन.